खवासपूरचा महापूर

सोलापूर जिल्ह्याचा इतिहास कोणी सांगू लागले म्हणजे दुष्काळाची आठवण प्रथम व्हावयाची, आणि ते स्वाभाविकही आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा दुष्काळातूनच जन्मली. १८७६-७७ व १९७२ या सालांची नावे आजही या भागात उसासा टाकल्यावाचून घेतली जात नाहीत. पाण्यावाचून माणसे कशी तगली, हा येथील इतिहासाचा नेहमीचा विषय होय. परंतु याच मुलखात वर्षातील बहुतेक महिने वाळूने भरलेल्या एका नदीने त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या सैन्याची एका रात्रीत दाणादाण उडविली, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या ऐकण्यात नसते. ती नदी म्हणजे माणगंगा, ते स्थळ म्हणजे सांगोले तालुक्यातील खवासपूर, आणि ती रात्र १ ऑक्टोबर १७०० ची.

या रात्रीचा अर्थ नीट ध्यानात येण्यास थोडे मागे गेले पाहिजे. औरंगजेब बादशहा १६८१ साली दक्षिणेत उतरला. १६८६ साली विजापूर व १६८७ साली गोवळकोंडे त्याने घेतले, आणि १६८९ साली संभाजी महाराजांचा वध करविला. आता दक्षिणेचे काम आटोपले, असे त्या वेळी दिल्लीच्या कोणाही सरदारास वाटले असते. प्रत्यक्षात खरे काम त्यानंतरच सुरू झाले. मराठ्यांना राजधानी एकच अशी उरली नव्हती; जेथे घोडा थांबेल तेथे त्यांची छावणी व जेथे गड उभा तेथे त्यांचे राज्य, अशी स्थिती होती. तेव्हा बादशहाने १६९५ च्या मे महिन्यात मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे तळ दिला, त्या गावाचे नाव इस्लामपुरी ठेविले, आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे, हिंदुस्थानचा कारभार सोलापूर जिल्ह्यातील या एका खेड्यातून चालला. माचणूरचा किल्ला त्या दिवसांची साक्ष देत आजही भीमेच्या काठी उभा आहे.

ही छावणी म्हणजे काय प्रकार होता, याची कल्पना जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाच्या वर्णनावरून येते. त्याने १६९५ च्या मार्चमध्ये, म्हणजे ब्रह्मपुरीस येण्याच्या थोडे आधी, कृष्णाकाठच्या गलगले येथे बादशहाची भेट घेतली होती. छावणीचा घेर तीस मैल, आत अडीचशे बाजार, साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट व तीन हजार हत्ती, आणि व्यापारी, कारागीर, चाकरनोकर व बाजारबुणगे धरून एकंदर वस्ती पाच लाखांची, असे आकडे तो देतो. यातील काही अंश ऐकीव म्हणून सोडून दिला, तरी हे एक चालते-फिरते शहर होते यात शंका राहत नाही. शहर म्हटले की त्याला रोज पाणी हवे, वैरण हवी, जळण हवे. आडांवर व बारवांवर एखाद्या गावाची तहान भागेल. हजारो हत्ती-उंटांची भागावयाची नाही. म्हणून या छावणीला नदीचा काठ सोडून राहता येत नसे. तिचे सामर्थ्य आणि तिचे दौर्बल्य अशी दोन्ही या एका गोष्टीत साठविलेली होती.

याचा पहिला अनुभव ब्रह्मपुरीसच आला. भीमेस मोठा पूर येऊन मध्यरात्रीच्या सुमारास, सर्व निजले असता, पाणी तळात शिरले. शाहजादा कामबक्ष व इतर बड्या सरदारांचे गोट त्यात बुडाले. दहा-बारा हजार माणसे वाहून गेली व जनावरांची तर गणतीच झाली नाही, असे खाफीखान हा इतिहासकार लिहितो. पाणी उतरावे म्हणून बादशहाने स्वतःच्या हाताने प्रार्थना लिहून ते कागद प्रवाहात सोडविले, असेही तो सांगतो. एवढा धडा मिळाल्यावर छावणीने नदीची धास्ती घ्यावयास हवी होती. परंतु धास्ती घेऊन जावयाचे कोठे, हा प्रश्नच होता.

१६९९ च्या ऑक्टोबरात औरंगजेबाने निराळा बेत आखला. कुटुंबकबिला व जड सामान ब्रह्मपुरीस ठेवून मराठ्यांचे गड एकामागून एक स्वतः जातीने घ्यावयाचे, असे ठरवून वयाच्या ऐंशी वर्षांनंतर तो सह्याद्रीकडे वळला. डिसेंबरात साताऱ्यास वेढा पडला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांच्याच सुरुंगाने उलट खाऊन त्यांची सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली, तरी २१ एप्रिल रोजी किल्ला हाती आला. मध्यंतरी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले होते व राज्याची धुरा ताराबाईंनी उचलली होती. पुढे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परळीचा किल्ला, म्हणजे आजचा सज्जनगड, हाही मोगलांनी घेतला.

किल्ले मिळाले, पण मृग लागून गेला होता. दिल्ली-आग्र्याकडचा पाऊस पाहिलेल्या माणसास सह्याद्रीच्या पावसाची कल्पना येत नाही. तेथे वर्षभरात पडणारे पाणी येथे आठ-पंधरा दिवसांत कोसळते. वेढ्यात ओझ्याची बहुतेक जनावरे मेली होती. जे थोडे हत्ती-उंट उरले होते ते हाडांचे सापळे झाले होते. कृष्णा दुथडी भरून चाललेली, नावा थोड्या, आणि पलीकडे जाणारांची रेटारेटी अशी की त्यात आपसात हातघाई व्हावी. वाहून नेता येईना ते सामान पुष्कळांनी मागे टाकले किंवा जाळून टाकले. उमराव चिखल तुडवीत पायी चालले. २१ जून रोजी निघालेले हे सैन्य पंचेचाळीस मैल चालून २५ जुलै रोजी भूषणगडास पोहोचले. म्हणजे पस्तीस दिवसांत रोजचा सरासरी सव्वा मैल पडला. या वाटचालीत शत्रूची मोठी लढाई एकही झाली नाही. पाऊस, चिखल आणि उपासमार यांनीच सैन्य अर्धमेले केले.

३० ऑगस्ट रोजी छावणी भूषणगडाहून हलली व छत्तीस मैलांवरील खवासपुरास माणगंगेच्या काठी आली. ही निवड वरवर पाहता शहाणपणाची होती. सह्याद्रीच्या ओल्या कड्यांपासून जितके पूर्वेस यावे तितका पाऊस कमी होत जातो. महाबळेश्वरास दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर सांगोल्याच्या बाजूस वीस-बावीस इंच पडला तरी शेतकरी समाधान मानतो. पावसाने गांजलेल्या सैन्यास कोरडी जमीन हवी होती आणि ती येथे मिळाली. नदीच्या दोन्ही तीरांवर राहुट्या पडल्या, आणि पात्र कोरडे, रुंद व वाळूचे असल्यामुळे कित्येकांनी त्यातही आपले तंबू ठोकले. खाली मऊ वाळू, हातभर उकरले की झिऱ्यास पाणी. थकलेल्या माणसास याहून सोयीची जागा कोणती वाटावी?

परंतु माणदेशाचा स्वभाव या पाहुण्यांस ठाऊक नव्हता. येथील पावसाचा मोठा वाटा आषाढ-श्रावणात पडत नाही. तो भाद्रपद-आश्विनात, उत्तरा, हस्त व चित्रा या नक्षत्रांत, परतीच्या वाटेवर पडतो. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर हा सर्वांत अधिक पावसाचा महिना असतो. बंगालच्या उपसागरात वादळ उठून ते पश्चिमेकडे सरकले म्हणजे वर्षाचा पाऊस दोन-चार दिवसांत कोसळावयाचा, हे या प्रदेशाचे जुनेच लक्षण आहे. त्यात माणगंगेचा उगम सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या उघड्याबोडक्या डोंगरांत. तेथे झाड कमी, मातीचा थर पातळ व खाली मुरूम. पडलेले पाणी जिरण्याऐवजी उतारावरून धावत सुटते, शेकडो ओढे एकदम नदीस मिळतात, आणि सकाळी जेथे शेरडे चरत होती तेथे रात्री पुरुषभर पाणी होते. खालच्या गावावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या डोंगरांत पाऊस झाला की लोंढा येतोच. मेंढरे घेऊन हिंडणारा माणदेशी धनगर पावसाळा सरेपर्यंत आपला वाडा नदीच्या पात्रात घालीत नाही, तो यासाठीच.

१ ऑक्टोबरच्या रात्री नेमके हेच घडले. डोंगरात अवकाळी मुसळधार पाऊस झाला, आणि सारा तळ झोपेत असता नदीचा लोंढा दोन्ही काठ ओलांडून राहुट्यांवर आदळला. पात्रातील लोकांस उठण्यासही अवसर मिळाला नाही. तंबू, कनाती, धान्याच्या गोण्या, दावणीस बांधलेली घोडी व बैल, आणि त्यांच्यासह माणसे अंधारात वाहत गेली. जी वाचली त्यांतील पुष्कळांच्या अंगावरील वस्त्रापलीकडे काही उरले नाही. कालपर्यंत ज्यांच्या दारी हत्ती झुलत होते असे सरदार एका रात्रीत निष्कांचन झाले. बाजारबुणग्यांचे काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही दरबारी बखरनविसाने ठेविली नाही. पण पात्रात निजणारांत तेच अधिक असणार, हे सांगावयास नको.

आरडाओरडा ऐकून बादशहास वाटले, मराठे छावणीत घुसले. तो घाईने उठून बाहेर येऊ लागला, तोच पाय अडखळून पडला व त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसविता आला नाही, आणि मरेपर्यंत औरंगजेब किंचित लंगडत चालला. दरबारातील स्तुतिपाठक त्याचे समाधान करताना म्हणत की, हा तर आपला मूळपुरुष जगज्जेता तैमूरलंग याचा वारसा आहे! एक्याऐंशी वर्षांच्या वृद्धास या बोलण्याने किती बरे वाटले असेल, ते त्याचे तोच जाणे. परंतु घटनेतील मर्म निराळेच आहे. पाण्याचा आवाज ऐकून ज्याला मराठ्यांची चाहूल लागल्यासारखी वाटावी, त्याच्या मनात या देशाची भूमी आणि या देशाची माणसे यांचा भेद उरलेला नव्हता. दोन्ही सारखीच अकस्मात येत व सारखीच नाहीशी होत.

आणि खरोखर, मराठ्यांच्या युद्धपद्धतीचे रहस्य या भूमीशी जुळवून घेण्यातच होते. मराठा स्वार आपल्याबरोबर शहर नेत नसे. खोगिराखाली घोंगडी, थैलीत मूठभर धान्य, हातात भाला, आणि खाली भीमा-नीरेच्या खोऱ्यात वाढलेले बुटके, काटक तट्टू. एवढ्यावर त्याचे चाले. त्याला पाणी लागे ते एका ओढ्यात मिळे. म्हणून त्याला मोठ्या नदीच्या पात्रात मुक्काम करण्याची गरज पडत नसे. उतार कोठे आहे, कोणत्या डोहास टाळावे, पूर किती घटकांत ओसरेल, हे त्याला वाटेतला कोळी किंवा धनगर सांगे. पूर ओसरण्याची वाट पाहणे शक्य नसेल, तर भोपळ्यांची सांगड बांधून तो पार होई. मोगल सैन्यात शौर्य कमी होते असे नव्हे. साताऱ्याच्या तटाखाली प्राण देणारे शिपाई भेकड नव्हते. परंतु त्यांचा गाडा इतका जड होता की, तो जेथे थांबेल तेथे भूमीने त्याला पोसले पाहिजे, आणि माणदेशाची भूमी तर आपल्या लेकरांसही जेमतेम पोसते.

खवासपुराहूनही औरंगजेबाने धडा घेतला नाही. १७०१ च्या मे महिन्यात त्याने पन्हाळा घेतला. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड मिळाला, तेव्हा पुन्हा पावसाळा गाठलाच. तेथून पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल येण्यास सैन्यास अडतीस दिवस लागले आणि वाटेत साताऱ्याच्या परतीचीच दुर्दशा अधिक भयंकर रीतीने पुन्हा घडली. दक्षिणेच्या या युद्धात दरसाल एक लाख माणसे व तीन लाख जनावरे मरत, असा अंदाज मनुची या परदेशी लेखकाने दिला आहे. जिंकलेले गड मराठ्यांनी एकेक करून परत घेतले, आणि २० फेब्रुवारी १७०७ रोजी बादशहाने अहमदनगरास देह ठेविला.

तेव्हापासून माणगंगेच्या वाळूवरून पुष्कळ पाणी गेले आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी कामास लागलेल्या लोकांच्या हातांनी म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव याच नदीवर उभा राहिला. भीमेवर उजनीचे धरण झाले. तथापि परतीच्या पावसाचा स्वभाव पालटलेला नाही. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून आलेल्या अशाच एका वादळी पावसाने सोलापूर जिल्ह्यातील ओढे-नदीकाठ बुडविले व पंढरपुरात भीमेचे पाणी शिरले, तेव्हा पात्राच्या कडेस घरे बांधणारांस खवासपूरच्या रात्रीचा अर्थ नव्याने कळला असेल.

कोरडी दिसणारी नदी मेलेली नसते. ती आपली वाट विसरत नाही. दुष्काळी मुलखातील माणसास पाण्याची वाट पाहावयास शिकावे लागते, त्याचप्रमाणे पाण्याला वाट सोडून राहावयासही शिकावे लागते. माणदेशच्या निरक्षर मेंढपाळास जे आईबापांकडून मिळाले होते, ते आलमगीर म्हणविणाऱ्या बादशहास पंचवीस वर्षांच्या मोहिमेतही मिळविता आले नाही. देश जिंकण्यास तलवार लागते, हे खरे. परंतु देशात राहण्यास त्याचे ऊन, वारा व पाऊस यांची ओळख असावी लागते, आणि ही ओळख हुकमाने मिळत नाही. खवासपूरचा महापूर हेच सांगून गेला.