गेट (एरोस्पेस अभियांत्रिकी)

गेट परीक्षेतील एरोस्पेस अभियांत्रिकीची प्रश्नपत्रिका (संकेत : एई) ही भारतात विमान व अवकाशयान अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतली जाणारी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी मिळून तिचे आयोजन करतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. गेटचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो.

पार्श्वभूमी

भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकी विभाग १९४२ साली सुरू झाला. त्याच्या उभारणीत विष्णू माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. ते जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांचे विद्यार्थी होते. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने १९५१ साली पहिले उड्डाण केले. प्रांटल यांचा मर्यादित लांबीच्या पंखाविषयीचा सिद्धांत आजही गेटच्या अभ्यासक्रमात आहे.

स्वरूप

परीक्षा संगणकावर होते. तीन तासांत ६५ प्रश्न सोडवायचे असून एकूण गुण १०० असतात. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेला, १३ अभियांत्रिकी गणिताला आणि ७२ मुख्य विषयाला असतात. एकच अचूक पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. अनेक अचूक पर्यायांच्या व संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना गुणवजावट नसते. आकडेमोडीसाठी पडद्यावरील गणकयंत्रच वापरावे लागते.

अभ्यासक्रम व पूर्वतयारी

गणिताखेरीज उड्डाण यांत्रिकी, अवकाश गतिकी, वायुगतिकी, विमान संरचना आणि प्रचालन हे अभ्यासक्रमाचे घटक आहेत. प्रत्येक घटकातील सुमारे ९० टक्के प्रश्न मूलभूत उपघटकांवर व उरलेले विशेष उपघटकांवर असतात.

यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ऊष्मागतिकी व पदार्थांचे बल हे विषय परिचित असतात. विमानाचे स्थैर्य, पंखाचा सिद्धांत आणि पातळ भिंतींच्या संरचना मात्र बहुधा नव्याने शिकाव्या लागतात. केवळ सूत्रे पाठ करणे पुरेसे ठरत नाही. उदाहरणार्थ, पंख्याच्या विमानाला सर्वाधिक पल्ला कमाल लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तराला मिळतो. जेट विमान मात्र त्याच गुणोत्तराला सर्वाधिक वेळ हवेत राहते. पहिल्यातील इंधनखर्च शक्तीच्या, तर दुसऱ्यातील रेट्याच्या प्रमाणात असतो, हे या फरकाचे कारण आहे. जॉन अँडरसन यांची वायुगतिकीवरील पुस्तके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एनपीटीईएलवरील विनामूल्य व्याख्याने ही प्रचलित अभ्याससाधने आहेत.

प्रवेश

गेट उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. निकालानंतर प्रत्येक आयआयटीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी लेखी चाचणी किंवा मुलाखतही होते. मुंबईच्या आयआयटीत वायुगतिकी, गतिकी व नियंत्रण, प्रचालन आणि संरचना अशा विशेषशाखा आहेत. इतर शाखांच्या पदवीधरांची पात्रता संस्थेनुसार व विशेषशाखेनुसार बदलते. त्यामुळे प्रश्नपत्रिकेची निवड करण्यापूर्वीच प्रवेशाच्या अटी पाहणे आवश्यक ठरते.