चाचणी-चौकटींतील सार्वत्रिक नावे आणि संहिता-तपासणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि सातारा जिल्ह्यातील कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) येथे संगणक व माहिती तंत्रज्ञानाचे अध्यापन होते. विद्यार्थ्याने लिहिलेल्या निर्दोष चाचणीवरही ‘हे नाव घोषित केलेले नाही’ असा इशारा तपासणी-साधन देते, तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न निर्माण होतो. त्याचे उत्तर या साधनांच्या इतिहासात सापडते.

ऐतिहासिक विकास :
सी भाषेसाठीचे ‘लिंट’ हे साधन बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी तयार केले. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्याचा प्रसार झाला. कापडाला चिकटलेल्या बारीक तंतूंवरून पडलेल्या या नावाचा अर्थ विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावी सहज उमगावा. हे साधन प्रोग्रॅम न चालवता केवळ मजकूर वाचते. म्हणून मजकुराबाहेरचे त्याला कळत नाही. ही मर्यादा ओळखूनच, विशिष्ट टिपणी लिहून त्याला हेतू कळविण्याची सोय ‘लिंट’मध्ये होती.

जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये ‘जेएसलिंट’ आणले. पुढे जास्मिन (२०१०), मोका (२०११) व जेस्ट (२०१४) या चाचणी-चौकटींनी ‘डिस्क्राइब’, ‘इट’ यांसारखी नावे आयातीविना उपलब्ध करून दिली. प्रोग्रॅम चालताना ती असतात. फाइलमध्ये त्यांची घोषणा नसते. निकोलस झाकास यांच्या ‘ईएसलिंट’ने (२०१३) ‘एन्व्ह’ या मांडणीद्वारे चौकटीचे नाव सांगण्याची सोय केली. २०२४ च्या नवव्या आवृत्तीपासून नवी मांडणी प्रमाण ठरली. तीत ‘एन्व्ह’ नसून मान्य नावांची यादी ‘ग्लोबल्स’खाली द्यावी लागते.

विवेचन :
इशाऱ्यांना कंटाळून अघोषित नावांचा नियमच बंद केल्यास टंकलेखनातील खऱ्या चुकाही सुटतात. संपूर्ण प्रकल्पाला सवलत दिल्यास मूळ प्रोग्रॅममध्ये चुकून आलेले ‘टेस्ट’ हे नावही बिनदिक्कत मान्य होते व बिघाड प्रत्यक्ष वापरातच उघड होतो. म्हणून ही सवलत केवळ चाचणीच्या फाइलींपुरती द्यावी, किंवा ती नावे स्पष्टपणे आयात करावीत.

निष्कर्ष :
दोष विद्यार्थ्याचा नाही आणि साधनाचाही नाही. तो न सांगितलेल्या गृहीतकाचा आहे. खोट्या इशाऱ्यांची सवय झालेला विद्यार्थी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. त्यामुळे ही मांडणी प्रयोगशाळेतील पहिल्याच तासाला शिकविणे अगत्याचे ठरते.