रविवारची सुट्टी आणि आरेची झाडे

मुंबईच्या कामगाराला रविवारची सुट्टी कोणी मेहेरबानीने दिलेली नाही, हे आम्ही आमच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. परंतु त्या सुट्टीचा पुढे कोणी कशासाठी उपयोग केला, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. त्यातले एक प्रकरण येथे मांडावयाचे योजिले आहे. प्रकरण फार जुने नाही. २०१९ सालचे आहे. ते घडले गोरेगावच्या आरे वसाहतीत, आणि त्यात पुढे असलेली पुष्कळशी माणसे आमच्या मुलांच्या वयाची होती.

आरंभ मात्र जुन्या काळापासून करावा लागेल. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर कित्येक वर्षे गिरणीत आठवड्याची ठरलेली सुट्टी अशी नव्हतीच. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, तो लहान मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, असे त्याने ठरवले. मोठ्या माणसांचे दुखणे तसेच राहिले. ते हाती घेतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले हे गृहस्थ मांडवीच्या एका गिरणीत नोकरीला होते आणि ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि अपघात झाल्यास भरपाई. सहा वर्षे झगडावे लागले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांच्या चरित्रातील शेवटचे पान आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. तो सर्वांत अधिक पसरला तो कोंदट चाळींतून, जेथे ऊन नाही, वारा नाही, सांडपाण्याला वाट नाही. लोखंडे रोग्यांच्या सेवेला लागले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने गेले. ज्याने कामगाराचे तास मोजले, तो कामगाराच्या हवेपाण्याच्या प्रश्नात मेला. कामाचा प्रश्न आणि हवेपाण्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत, हे तेव्हाच दिसले होते.

आता उपनगरांकडे वळू. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. परंतु हद्द येण्याच्या आधीपासूनच शहर आपले ओझे साष्टीच्या या बाजूला टाकू लागले होते. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला पडू लागला. तेलाचे कारखाने १९५० नंतरच्या दशकात तुर्भ्याच्या डोंगराखाली आले. मुलुंडच्या वेशीवर १९६७ पासून कचरा पडत राहिला, तो २०१८ साली थांबला. आणि आरे वसाहत? तिचा जन्मही असाच. शहराच्या दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते. त्यांनी रोगराई पसरते आणि दूधही धड मिळत नाही, म्हणून दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली. जागा सुमारे ३,१६० एकर. योजना चांगली होती, शहराला स्वच्छ दूध मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. खुरोडींना पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

परंतु ती जागा रिकामी नव्हती. तेथे वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे होते. आजही सत्तावीस पाडे मोजले जातात. भातशेती, भाजीपाला, ताडी, रानातली पाने-कंदमुळे आणि वाघोबाची पूजा असे त्यांचे जगणे. म्हशी आल्या तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. नंतर या जमिनीतून तुकडे पडत गेले. चित्रनगरी झाली, राखीव पोलीस दलाची छावणी झाली, बड्यांची घरे झाली. प्रत्येक वेळी तुकडा लहान होता, आणि प्रत्येक वेळी काम सार्वजनिक हिताचे होते.

याच क्रमाने कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोची कारशेड आली. कारशेड म्हणजे आगगाड्यांचा तबेलाच म्हणा ना! शहराने सत्तर वर्षांपूर्वी म्हशींचा तबेला येथे पाठवला, आता गाड्यांचा पाठवला. त्यासाठी आरेतील तीसहून अधिक हेक्टर जागा ठरली. १९१७ नव्हे, २०१७ सालीच प्रजापूरपाड्यातली आदिवासी कुटुंबे उठवून इमारतींत हलवण्यात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबत मंजुरी दिली. त्यांपैकी २,१८५ तोडावयाची आणि ४६१ दुसरीकडे लावावयाची.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेट्रो नको, असे म्हणणारे या चळवळीत फार थोडे होते. लोकलच्या दारात लोंबकळत अंधेरीला जाणारा कामगार मेट्रो नको कशाला म्हणेल? वाद होता तो जागेचा. शेड येथेच का, दुसरीकडे का नाही, आणि हे ठरवताना पाड्यावरच्या माणसाला विचारले का, असा तो प्रश्न होता.

हा प्रश्न रस्त्यावर आणला तो मुख्यतः तरुणांनी. त्याच सुमारास जगभर मुले या कामाला लागली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर जाऊन बसली, आणि वर्षभरात देशोदेशीची मुले शुक्रवारी शाळेबाहेर पडू लागली. आम्हा संघटनेच्या माणसांना त्यात नवल वाटले नाही. हा संपच, फक्त शाळेचा. मुंबईच्या मुलांनी त्याला आपले वळण दिले. आरेत माणसे जमत ती मुख्यतः रविवारी. सप्टेंबर २०१९ मध्ये भर पावसात रस्त्याच्या कडेने माणसांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. त्यांत महाविद्यालयातली मुले होती, नोकरदार होते, पाड्यांवरच्या बायका होत्या, आईबापांचा हात धरून आलेली पोरे होती. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार असा उपयोगी पडला. सुट्टी नसती तर साखळीत उभे राहणार कोण?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झाडांसंबंधीचे अर्ज फेटाळले. त्याच रात्री यंत्रे आत गेली आणि तोड सुरू झाली. बातमी भ्रमणध्वनीवरून पसरली, तरुण माणसे मिळेल त्या वाहनाने आरेकडे धावली. पोलिसांनी जमावबंदी लावली आणि २९ जणांना अटक केली. त्यांत विद्यार्थी होते. संपाच्या दिवसांत पोलीस गाडीत बसण्याची आम्हाला सवय; पण या मुलांना ते पहिलेच होते. रविवारी, ६ तारखेला, त्यांना जामीन मिळाला.

त्याच रविवारी आणखी एक काम झाले. ऋषभ रंजन या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह सरन्यायाधीशांना पत्र लिहिले: झाडे तोडली जात आहेत, आमचे मित्र कोठडीत आहेत, न्यायालयाने लक्ष घालावे. दसऱ्याची सुट्टी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतले, खास खंडपीठ बसवले, आणि सोमवारी, ७ ऑक्टोबरला, पुढील तोड थांबवून अटकेतल्यांना सोडण्यास सांगितले. तोवर २,१४१ झाडे पडली होती. म्हणजे तोडावयाच्या २,१८५ पैकी उरली ती अवघी ४४. एका शनिवार-रविवारात काम उरकले होते.

मग ही चळवळ हरली का? पुढचा क्रम पाहावा. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये शेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले. डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्या जागेच्या हस्तांतरास स्थगिती दिली. आरेतील सुमारे ८०० एकर जमीन वन म्हणून राखण्याचा निर्णय झाला. २०२२ च्या जूनअखेरीस पुन्हा सरकार बदलले, शेड पुन्हा आरेत आली, आणि रविवारी पुन्हा माणसे जमली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करण्यास मुभा दिली. मेट्रो महामंडळाने त्याहून अधिक मागितली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला १० लाख रुपयांचा भुर्दंड केला, तरी १७७ झाडे काढू दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गाडी धावू लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली. शेड आरेतच आहे. वाचले ते असे: ८०० एकरांवर वनाची मोहोर उमटली, आणि एकेका झाडाचा हिशेब न्यायालयापुढे देणे भाग पडले. आमच्या संपांचा निकालही बहुधा असाच लागतो. मागितले त्यातले थोडे मिळते, आणि पुढच्या खेपेस मालक जरा जपून वागतो.

परंतु आमच्या लोकांत या चळवळीविषयी एक शंका होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एका सभेत एका बांधकाम मजुराने आम्हाला उभे राहून विचारले, “दादा, झाडं बघून पोट भरतं का? ही शिकलेल्या पोरांची हौस आहे.” आम्ही त्याला इतकेच विचारले, “मे महिन्यात दुपारचा डबा कुठे बसून खातोस?” तो म्हणाला, “जिथं सावली मिळंल तिथं.” सभेत हशा पिकला, पण प्रश्न हशावारी जाण्याजोगा नव्हता. वातानुकूलित कचेरीतल्या माणसाला झाडाची सावली ही शोभा आहे. नाक्यावरच्या मजुराला ती कामाची सोय आहे, आणि उन्हाळा वाढत चालला असता ती जिवाची गोष्ट आहे.

पाण्याचेही तसेच. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन मिठी नदी निघते, आरेच्या कडेने, सीप्झ, मरोळ, साकीनाका, कुर्ला करीत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत चारशेंहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला दरड झोपड्यांवर आली. त्याआधी जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात हेच झाले होते. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून माणसे गाडली गेली. पाऊस सर्वांवर सारखाच पडला, पण डोंगराच्या उतारावर आणि नाल्याच्या काठावर राहण्याची पाळी कोणावर आली होती? नदीच्या वरच्या अंगाची पाणी मुरणारी जमीन बुजवली, तर खालच्या अंगाला कुर्ल्याच्या झोपडीत पाणी शिरते. आरेचे रान आणि कुर्ल्याची झोपडी एकाच नदीने बांधलेली आहेत.

यालाच ही मुले हवामान-न्याय म्हणतात. शब्द नवा, अर्थ सोपा: धूर ज्याने काढला त्याने त्याची किंमत द्यावी, ज्याच्याकडे गाडीही नाही नि गिरणीही नाही, त्याच्या घरात पुराचे पाणी येऊ नये. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जातील अपघाताच्या भरपाईच्या कलमात हेच तत्त्व आहे. नफा एकाचा आणि हात दुसऱ्याचा तुटला, तर भरपाई नफेवाल्याने द्यावी. तेथे हात होता, येथे घर आहे आणि श्वास आहे.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. कागद चांगला आहे. परंतु कारखान्यांच्या कायद्याची अंमलबजावणी नुसत्या तपासनीसांनी कधी झाली नाही; दारात संघटना उभी होती तेथेच झाली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या झाडांचा प्रश्नही २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तेव्हा असे प्रसंग अजून येत राहणार. त्या वेळी आरेच्या तरुणांनी आपल्या मागणीपत्रात झाडाबरोबर नाल्याकाठचे घर घालावे, पाड्यावरच्या माणसाचा वनहक्क घालावा. आणि आम्ही संघटनांनी आमच्या मागणीपत्रात पगार-बोनसच्या बरोबरीने उन्हाच्या तासांत काम बंद, कामाच्या जागी पाणी आणि सावली, ही कलमे घालावी. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती १८८४ साली मागितलीच होती. आता ती सावलीत मिळावी, एवढीच त्यात भर घालावयाची आहे.