द्रव रक्ताचे कोडे : फायब्रिन-विलयनाच्या संशोधनाचा पूर्वेतिहास

शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत साखळते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. साखळलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते, ही गोष्ट मात्र दीर्घकाळ डोळ्यांसमोर असूनही तिचा उलगडा झाला नव्हता. वीज पडून किंवा शिकारीत अतिश्रमाने मेलेल्या प्राण्यांचे रक्त साखळत नाही, अशी नोंद जॉन हंटर यांच्या १७९४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर दास्त्र यांनी रक्तातील फायब्रिन विरघळण्याच्या क्रियेला ‘फायब्रिन-विलयन’ या अर्थाचे नाव दिले. नाव मिळाले, कर्ता मात्र अज्ञातच राहिला.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. रक्त द्रव आढळले, तर त्याची कारणे दोन संभवतात : एक तर गुठळी होऊन ती विरघळली असेल, किंवा गुठळीला लागणारी द्रव्येच आधी खर्ची पडली असतील. लक्षण एकच, कारणे भिन्न.

यांपैकी दुसऱ्या कारणाशी निगडित असे निरीक्षण आपल्या नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या परळ येथे झाले. १८९९ साली तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग-संशोधन प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था होय. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रयोगशाळेतील जॉर्ज लॅम यांनी घोणसाच्या विषाचा रक्तावरील परिणाम अभ्यासला. विष अधिक मात्रेत दिल्यास प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतच रक्त साखळे. मात्रा अल्प असल्यास रक्त उलट द्रव राही. एकाच विषाचे हे परस्परविरोधी परिणाम तेव्हा गूढ वाटले. हे विष रक्तातील क्लथनघटकांना चेतविते व त्यामुळे फायब्रिनोजेन संपुष्टात येते, हे आज ज्ञात आहे.

लंडनच्या आर. जी. मॅक्फार्लेन यांनी या दोन्ही प्रवाहांत काम केले, हा योगायोग लक्षणीय आहे. १९३४ मध्ये त्यांनी बार्नेट यांच्यासह घोणसाच्या विषाचा रक्तस्राव थांबविण्यासाठी उपयोग सुचविला. १९३७ मध्ये त्यांनीच शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या रक्ताची गुठळी आपोआप विरघळत असल्याचे दाखविले.

दरम्यान १९३३ मध्ये बाल्टिमोर येथे टिलेट व गार्नर यांना स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या द्रावाने मानवी फायब्रिन वेगाने विरघळल्याचे आढळले. विरघळविणारे द्रव्य जंतूंचेच, असा त्याचा सहज अर्थ लावला गेला. परंतु सशाच्या रक्ताची गुठळी त्या द्रावाला दाद देत नव्हती. हा अपवाद किरकोळ नव्हता. १९४१ मध्ये मिलस्टोन यांनी दाखविले की, शुद्ध केलेल्या मानवी फायब्रिनवर जंतूंचा द्राव एकटा निष्प्रभ ठरतो. त्यास मानवी रक्तद्रवातील एका घटकाची जोड लागते. १९४५ मध्ये क्रिस्टेनसेन यांनी कोडे उलगडले. विरघळविणारे एंझाइम रक्ताचेच असून ते निष्क्रिय रूपात, म्हणजे प्लास्मिनोजेन म्हणून, वावरते. जंतूंचे द्रव्य त्यास केवळ जागे करते, म्हणजे त्याचे प्लास्मिन होते.

कर्ता कोण, हे निश्चित झाल्यावर उपचारास शास्त्रीय पाया लाभला. तरीही १९३३ च्या निरीक्षणापासून १९८६ मध्ये इटलीत ११,८०६ हृदयविकारग्रस्तांवर झालेल्या चाचणीपर्यंत त्रेपन्न वर्षे जावी लागली. त्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या गटातील २१ दिवसांचा मृत्युदर १०.७ टक्के, तर इतरांचा १३ टक्के होता.

हा इतिहास केवळ जुन्या नोंदींचा नव्हे. घोणस चावलेल्या रुग्णाचे रक्त आजही कोरड्या, स्वच्छ काचनळीत वीस मिनिटे ठेवून पाहतात. ते साखळले नाही, तर घटक खर्ची पडल्याचे समजून प्रतिविष द्यावयाचे असते. हृदयाच्या रोहिणीत अडकलेल्या गुठळीसाठी मात्र प्लास्मिन जागे करणे हा एक उपाय. द्रव रक्त दिसले, एवढ्यावर निष्कर्ष काढणे किती धोक्याचे, हे परळच्या त्या प्रयोगांनी व सशाच्या त्या अविचल गुठळीने संशोधकांना शिकविले.