मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एक लहान गोंड गाव. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना सुमारे ३० किलोमीटरवर, धानोरा जवळ आले की लागते. महाराष्ट्रात मेंढा नावाची इतरही गावे असल्याने शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून ते ओळखले जाते. लोकवस्ती जेमतेम पाचशेची.

गावाजवळून कठाणी नदी वाहते. पुढे ती वैनगंगेला मिळते. पाऊस भरपूर पडतो आणि बांधातले मुख्य पीक धानाचे. पण शेतीपेक्षा जंगल कितीतरी मोठे आहे. सुमारे १,८०० हेक्टरांच्या या पानझडी वनात साग, ऐन, मोह, तेंदू, चार आणि बांबू वाढतात. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुले, पुढे तेंदूपाने, मग चारोळी, शिवाय आवळा, हिरडा आणि मध असे गावाचे वर्ष जंगलाच्या हंगामांनी चालते. घरात गोंडी बोलतात, शाळेत व बाजारात मराठी.

१९८० च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम व इचमपल्ली या धरणांचे बेत आखले गेले. त्यांविरुद्ध आदिवासींनी उभारलेल्या आंदोलनातून येथे स्वशासनाचा विचार रुजला. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि त्यांच्यासोबत अभ्यासाला बसणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो धीराने वाढवला. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा या भागात मेंढ्यामुळेच ओळखीची झाली.

गावाचे खरे वैशिष्ट्य निर्णय घेण्याच्या रीतीत आहे. ग्रामसभेत मतदान होत नाही. बहुमताने काही मंजूर केले, तर हरलेली बाजू गावातच राहते आणि तेढही राहते. म्हणून सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय खुला ठेवतात. एखादा विषय महिनोन्‌महिने चालतो. दारूबंदीचा निर्णय असाच, बायकांच्या आग्रहातून आणि लांबलेल्या चर्चेतून झाला. ग्रामसभेला जोडून अभ्यासगट असतात. तेथे बाहेरचा जाणकार आणि गावकरी एका सतरंजीवर बसून कायदा वाचतात, मधमाश्यांचे पोळे न मारता मध कसा काढावा याचाही विचार करतात. अभ्यासगट ठरवत काहीच नाही, ठरवते ग्रामसभाच. ही विभागणी साधी दिसते, पण मेंढ्याची सारी ताकद तिच्यात आहे.

या तयारीचे फळ वनहक्क कायद्यानंतर दिसले. २००६ च्या या कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारे हे देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक. तरीही बांबू अडला. १९२७ च्या वन कायद्याने बांबू झाडांत मोजला होता, तर नव्या कायद्याने तो गौण वनोपज ठरवला. हक्क गावाचा असला तरी वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती राहिला आणि परवान्याविना तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येईना. गावाने हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. त्यानंतर बांबूची तोड, मजुरी, विक्री आणि हिशेब ग्रामसभा स्वतः पाहू लागली. कमाईतून रोजगार मिळालाच, शिवाय गावाचा कोश उभा राहिला.

२०१३ मध्ये गावाने एक पाऊल आणखी पुढे टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा आधार घेऊन आपल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचे गावकऱ्यांनी ठरवले. जमीन कसणारा तोच राहतो, मात्र ती बाहेरच्याला विकता येत नाही. आदिवासींच्या जमिनी हातोहात जाण्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक याच गावावर आहे.