बाप, लेक आणि पाइनचा ठोकळा

अमेरिकेंतील ओहायओ संस्थानच्या डेटन शहरीं १९३३ सालीं मायरन स्कॉट नांवाच्या वृत्तपत्रीय छायाचित्रकारास कांहीं मुलें घरीं जुळविलेल्या गाड्यांत बसून उतारावर शर्यत खेळतांना दिसलीं. मंदीचे दिवस होते ते. विकतच्या खेळण्यांची ऐपत थोड्याच घरीं होती. त्या दृश्यावरून पुढच्याच वर्षीं ‘सोप बॉक्स डर्बी’ ही अखिल अमेरिकन शर्यत सुरू झाली, आणि १९३५ पासून ती ॲक्रन येथें भरूं लागली.

या शर्यतीला वयाची अट होती. कॅलिफोर्नियांतील मॅनहॅटन बीच येथील डॉन मर्फी यांचा मुलगा १९५३ सालीं अवघा दहा वर्षांचा. त्याला प्रवेश मिळेना. मर्फी हे नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमानांच्या कारखान्यांत नोकरीस होते आणि मुलाच्या कब स्काउट पथकाचे प्रमुखहि होते. मुलगा गाडीएवढा होण्याची वाट पाहण्याऐवजीं त्यांनीं गाडीच मुलाच्या हातांत मावेल एवढी केली! पाइनचा एक ठोकळा, चार चाकें आणि आंसासाठीं खिळे, एवढेंच साहित्य. मुलानें बापाच्या मदतीनें तो ठोकळा घरीं तासावा, अशी योजना होती. १५ मे १९५३ रोजीं ५५ मुलांच्या गाड्या ३१ फूट लांबीच्या उतरंडीवरून दोन-दोन करून सुटल्या. निकाल सांगणारें यंत्र दारावरच्या विजेच्या घंटांपासून बनविलेलें होतें. पुढें ऑक्टोबर १९५४ च्या ‘बॉइज लाइफ’ मासिकांत या ‘पाइनवुड डर्बी’चे आराखडे छापून आले, आणि खेळ देशभर पसरला.

गाडीला यंत्र नाहीं. तिला ओढते ती केवळ पृथ्वी. म्हणून सारें कौशल्य वजनांत आणि घर्षणांत आहे. प्रचलित मर्यादा पांच औंसांची, म्हणजे सुमारें १४२ ग्रॅमची. वजन मागच्या अंगास बसविलें तर तें अधिक उंचावरून खालीं येतें, आणि तेवढा वेग गाडीच्या पदरीं पडतो. खिळे घासून गुळगुळीत करावयाचे, त्यांवर ग्रॅफाइटची पूड घालावयाची. पदार्थविज्ञानाचा याहून गोड धडा क्वचितच सांपडेल.

पण करवत कोणाच्या हातीं असावी? मर्फींना बापलेकांची जवळीक हवी होती. बापाच्या हातीं मात्र पुष्कळदां स्पर्धाच शिरते. या हव्यासाचें टोंक १९७३ सालीं ॲक्रनच्या मोठ्या शर्यतींत दिसलें. विजेत्या गाडीच्या नाकांत विद्युच्चुंबक लपविलेला निघाला. प्रारंभींची लोखंडी फळी खालीं पडतांना तो गाडीस पुढें खेंचून घेई. मुलगा चौदा वर्षांचा, आणि क्लृप्तींत वडीलधाऱ्या आप्ताचा हात! पारितोषिक काढून घेण्यांत आलें.

कब स्काउटांच्या पथकांत २०१८ पासून मुलीहि आल्या, आणि ठोकळ्याशीं आईहि बसूं लागलेली आहे. वडील माणसांचा मोह मात्र पथकांनीं पुरता ओळखला आहे. मुलांच्या गाड्या मुलांच्याच राहाव्यात म्हणून कित्येक ठिकाणीं आईबापांसाठीं त्याच दिवशीं निराळी शर्यत ठेवतात, आणि त्या शर्यतीला गाड्यांचा तुटवडा पडत नाहीं.