पाच टक्क्यांचा घाट

इगतपुरीत वाटाघाटींवर बोलायचं म्हणजे वाट आणि घाट दोन्ही समोरच आहेत. उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ३७ फुटांना एक फूट अशा चढणीनं गाडी इथे वर येते. हा थळ घाट रेल्वेला खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. त्या बांधकामाचं कौतुक आपण करतो, करायलाच हवं. आज मला बोलायचंय ते ज्या कागदाच्या जोरावर तो बांधला गेला त्याबद्दल.

तो कागद म्हणजे १७ ऑगस्ट १८४९ चा करार. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपली जीआयपी रेल्वे. अटी ऐका. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. रेल्वे तोट्यात गेली तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. आणि रेल्वे कंपनीला नकोसं झालं, तर नोटीस देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि घातलेलं भांडवल परत घ्यायचं. सुरुवातीच्या छोट्या मार्गासाठी ठरलेला हा साचा पुढे घाटालाही लागू झाला.

असा करार झाला कसा? वाटाघाटीत माणसाची ताकद एकाच गोष्टीवर ठरते : त्याला उठून जाता येतं का? लंडनच्या भांडवलदाराला येत होतं. सरकारी रोख्यांवर त्याला घरबसल्या तीन टक्क्यांच्या आसपास मिळत होते. अनोळखी देशात, सह्याद्रीच्या कड्यात पैसा का घालायचा? त्याची भीती खोटी नव्हती. मुंबईत नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई १८४५ पासून खटपट करत होते, तरी हमीशिवाय पैसा उभा राहिला नाही. उलट सरकारला उठता येत नव्हतं. लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता, आणि त्यांचा पार्लमेंटवर दाब होता.

पण याहून मोठं कारण वेगळं आहे. सरकार देत होतं ते स्वतःचं नव्हतंच! शेतसारा, मीठ, अफू यांतून जमलेला तो पैसा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय. टेबलाशी दोघे बसले, आणि पैसे भरणारा तिसरा माणूस खोलीतच नव्हता.

परिणाम काय झाला? मैलामागे आठ हजार पौंडांचा अंदाज होता; हमीच्या मार्गांवर खर्च त्याच्या दुपटीहून वर गेला. घाट अवघड होता हे खरं, पण काटकसर करायचं कारणही कोणाला उरलं नव्हतं. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, तिचा आशय असा : व्याज पक्कं असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला की त्याच्या विटा झाल्या, याची भांडवलदाराला फिकीर नव्हती.

आता खरी दुखरी जागा. करारात २५ वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारला होता, म्हणजे १८७४ मध्ये. तो हक्क १८७० मध्येच लंडनमध्ये सोडून दिला गेला! बदल्यात काय, तर वरकड नफ्यात अर्धा वाटा. जीआयपी सरकारच्या मालकीची झाली १९०० मध्ये, आणि कारभार हाती आला १९२५ मध्ये. त्याच १८७० मध्ये जपाननं लंडनमध्ये नऊ टक्क्यांनी कर्ज काढलं. व्याज आपल्यापेक्षा जड. पण त्यातून झालेली तोक्यो-योकोहामा रेल्वे १८७२ मध्ये धावली ती जपानची म्हणून. स्वस्त काय आणि महाग काय, हे नुसत्या टक्क्यावरून कळत नाही. मालकी कोणाची आणि जोखीम कोणाची, हे आधी विचारावं लागतं.

दादाभाई आणि रानडे यांच्या पिढीनं हेच प्रश्न विचारले. करार कायदेशीर होता, दोन्ही पक्षांची संमती होती. मग तो न्याय्य होता का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हा प्रश्न विचारायचो तेव्हा मुलं कांट काढायची. मी म्हणायचो, थळ घाट काढा.

आज याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्या वेळी जमिनी देणारा शेतकरी निदान टेबलाशी होता. त्यानं विरोध केला, भाव वाढवून घेतला. सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण तिसरा माणूस खोलीत आला की भाव बदलतो, एवढं दिसलं. तेव्हा यापुढे कोणतीही हमी, कोणताही मोठा प्रकल्प जाहीर झाला, की आकडा नंतर वाचा. आधी बघा, खोलीत कोण नव्हतं. बहुधा ते आपणच असतो.